उमेदवार सुरक्षिततेचे आणि रोजगाराचे वचन देतो तेव्हा

विधानसभेची पुढची निवडणूक अजून लांब असली तरी इच्छुक उमेदवारांची पत्रके घरोघर पोहोचू लागली आहेत आणि त्यांतील बहुतेक पत्रकांवर कायदा-सुव्यवस्था आणि रोजगार हेच दोन विषय सर्वांत वर आहेत. या पत्रकांविषयी वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी काहींची उत्तरे या वेळी देत आहे. पत्रलेखकांची नावे त्यांच्या विनंतीवरून दिलेली नाहीत.

प्रश्न : आमच्या मतदारसंघातील एका इच्छुकाच्या पत्रकात तीन मोठी वचने आहेत. महिलांवर अत्याचार करणाऱ्याला महिन्याभरात फाशी, जीएसटी निम्मा आणि आमच्या भागाला नवे पोलीस ठाणे. आमदाराच्या हातात यांपैकी नेमके काय असते? (किराणा व्यापारी, सांगली जिल्हा)

उत्तर : तिन्ही वचने एकाच पत्रकात असली तरी त्यांची जात वेगवेगळी आहे, म्हणून ती एकेक करून पाहू.

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीत ‘सार्वजनिक सुव्यवस्था’ आणि ‘पोलीस’ हे पहिलेच दोन विषय आहेत. त्यामुळे पोलिसांची संख्या, त्यांची नेमणूक, प्रशिक्षण, घरे, वाहने आणि प्रयोगशाळा यांचा जाब विधानसभेच्या उमेदवाराला विचारणे पूर्णपणे रास्त आहे. फौजदारी कायदा मात्र समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदे करता येतात अशा विषयांच्या सूचीत येतो. त्या क्षेत्रात केंद्राच्या कायद्याशी विसंगत ठरेल असा कायदा राज्याला करायचा असेल, तर विधिमंडळाच्या मंजुरीनंतर राष्ट्रपतींची संमती लागते. महाराष्ट्राने हे दोन्ही बाजूंनी अनुभवले आहे. संघटित गुन्हेगारीविरोधातील १९९९ च्या ‘मोक्का’ कायद्याला ही संमती मिळाली आणि तो आजही लागू आहे. डिसेंबर २०२१ मध्ये दोन्ही सभागृहांनी मंजूर केलेल्या शक्ती विधेयकाला ती मिळाली नाही, आणि महिलांवरील अत्याचारांसाठी कठोर शिक्षेची तरतूद असलेले ते विधेयक कायदा होऊ शकले नाही. शिवाय सत्र न्यायालयाने दिलेली फाशी उच्च न्यायालयाने कायम केल्याखेरीज अमलात येत नाही. महिन्याभराच्या मुदतीत हे सारे कसे बसवणार, हे आपल्या पत्रकात सांगितलेले नाही. अत्याचार सोसलेल्या मुलीच्या घरच्यांना लवकर न्याय हवा असतो आणि त्यांची ती मागणी पवित्र आहे. म्हणूनच न पाळता येणारी मुदत त्यांच्यापुढे ठेवू नये असे मला मनापासून वाटते. याच उमेदवाराला न्यायवैद्यक प्रयोगशाळांतील रिकामी पदे, सरकारी वकिलांच्या नेमणुका आणि जलदगती न्यायालये यांबद्दल विचारावे. ही कामे राज्याच्या अखत्यारीत येतात आणि खटले बऱ्याचदा तेथेच अडतात.

जीएसटीचे दर केंद्र आणि सर्व राज्ये मिळून बनलेली जीएसटी परिषद ठरवते. तेथे राज्याचा अर्थमंत्रीही एकट्याने दर बदलू शकत नाही, मग आमदाराची गोष्ट दूरच. पेट्रोल-डिझेलवरील मूल्यवर्धित कर, मुद्रांक शुल्क, दारूवरील उत्पादन शुल्क आणि वाहनकर हे मात्र राज्याचे आहेत. कर कमी करण्याचे वचन यांपैकी कोणत्या कराबद्दल आहे आणि घटलेले उत्पन्न कोठून भरून काढणार, हे विचारता येईल.

तिसरे वचन शक्य कोटीतील आहे. पोलीस ठाण्याला गृह विभागाची मंजुरी लागते आणि आमदाराचा पाठपुरावा तेथे खरोखर उपयोगी पडतो. अडचण पुढे येते. इमारत उभी राहते, फीत कापली जाते आणि आकृतिबंधाप्रमाणे, म्हणजे ठाण्याला किती माणसे हवीत या ठरलेल्या मापाप्रमाणे, पदे मंजूर न झाल्यामुळे शेजारच्या ठाण्यातील माणसे विभागून दोन्ही ठाणी अर्धी चालतात. तेव्हा इमारतीची तारीख विचारू नका, पदांचा आकडा विचारा.

प्रश्न : आमच्या शिवारातून वर्षभरात सहा विहिरींवरची केबल चोरीला गेली. उमेदवार म्हणतात की पाच वर्षांत तालुक्यातील गुन्हे निम्म्यावर आणू. हे वचन चांगले समजावे का? (शेतकरी, अहिल्यानगर जिल्हा)

उत्तर : आपले पत्र वाचताना मला आमच्या चुलत्यांची विहीर आठवली. सकाळी मोटार सुरू करायला गेले तर पेटीपासून विहिरीपर्यंतची केबल कापून नेलेली, आणि ओढ्याच्या कडेला रबरी आवरण जाळल्याचा काळा डाग आणि त्याचा वास. तांबे काढून घेण्यासाठी चोर वरचे आवरण तेथेच जाळतात. कापलेले टोक हातात घेऊन ते ठाण्यात गेले, तेव्हा त्यांच्याकडून साधा अर्ज लिहून घेण्यात आला आणि त्यावर शिक्का मारून पोच देण्यात आली. आपली तक्रार नोंदवली गेली असे त्यांना कित्येक दिवस वाटत होते. प्रत्यक्षात एफआयआर, म्हणजे गुन्ह्याची अधिकृत नोंद, झालीच नव्हती, त्यामुळे त्या वर्षीच्या गुन्ह्यांच्या आकड्यांत ती चोरी कोठेच नव्हती. कांद्याचे पाणी आठ दिवस चुकले, ते तर कोणत्याच आकड्यांत येत नाही.

म्हणून ‘गुन्हे निम्म्यावर’ या वचनाची मला भीती वाटते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग जे आकडे प्रसिद्ध करतो ते नोंदवलेल्या गुन्ह्यांचे असतात. आकडा खाली आणण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे गुन्हा न नोंदवणे, आणि वरून तसा दबाव आला की ठाण्यातील माणसे तो मार्ग धरतात. एखादे वर्ष नोंदी वाढल्या तर लोकांचा ठाण्यावरील विश्वास वाढला असेही असू शकते. उमेदवाराने ‘प्रत्येक चोरीचा एफआयआर होईल आणि त्याची प्रत तक्रारदाराला मिळेल’ असे म्हटले असते, तर ते वचन मी अधिक मोलाचे मानले असते.

आपल्या हातात काय आहे, तेही सांगतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार दखलपात्र गुन्ह्याची, म्हणजे ज्याचा तपास पोलीस न्यायालयाच्या आदेशाशिवाय सुरू करू शकतात अशा गुन्ह्याची, माहिती नोंदवून घेणे बंधनकारक आहे आणि तिची प्रत विनामूल्य मिळते. ठाण्याने नकार दिला तर तीच माहिती पोलीस अधीक्षकांना लेखी पाठवता येते आणि तेथेही दाद मिळाली नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे जाता येते. एक बारीक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी. नव्या कायद्यात पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीच्या मालाची चोरी अदखलपात्र ठरवली आहे. केबलचे बिल जपून ठेवा आणि तक्रारीत किंमत स्पष्ट लिहा.

रात्रीच्या वीजपुरवठ्याचा मुद्दाही याच प्रश्नाला जोडून येतो. रात्री पाणी धरायला जाणारा शेतकरी साप, बिबट्या आणि चोर या तिघांच्याही वाटेत असतो. जुन्नर-शिरूरच्या बिबट्याप्रवण पट्ट्यात तर शेतीपंपांना दिवसा वीज मिळणे हा जिवाचा प्रश्न आहे. सौर कृषी वाहिनी योजनेतून आपल्या उपकेंद्राला दिवसा वीज कधी मिळणार, हे उमेदवाराला विचारा. सुरक्षितता आणि उत्पन्न दोन्ही एकाच वेळी वाढवणारी कामे फार थोडी असतात, आणि हे त्यांपैकी एक आहे.

प्रश्न : मी कोषागारातून निवृत्त झालो आहे. प्रत्येक पक्ष मदतीचा आकडा वाढवत चालला आहे. सामान्य मतदाराने या आकड्यांचा हिशेब कसा करावा? (पुणे)

उत्तर : आपण आयुष्यभर हिशेब पाहिलेला आहे, तरी इतर वाचकांसाठी सविस्तर लिहितो.

जून २०२४ मध्ये जाहीर झालेल्या ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेत पात्र महिलेला दरमहा १,५०० रुपये मिळतात. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमधील निवडणुकीत महायुतीने ही रक्कम २,१०० करण्याचे वचन दिले आणि महाविकास आघाडीने ३,००० देण्याचे. सोपा हिशेब म्हणून दोन कोटी लाभार्थी धरा. दीड हजाराप्रमाणे वर्षाला ३६,००० कोटी रुपये लागतात, एकवीसशेप्रमाणे ५०,४०० कोटी आणि तीन हजाराप्रमाणे ७२,००० कोटी. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात या योजनेसाठी ३६,००० कोटींचीच तरतूद झाली आणि हप्ता दीड हजारांवरच राहिला. त्याच अर्थसंकल्पात महसुली जमा ५,६०,९६४ कोटी, महसुली खर्च ६,०६,८५५ कोटी आणि महसुली तूट ४५,८९१ कोटी रुपये दाखवली आहे. शंभर रुपये मिळवणाऱ्या घराने एकशे आठ रुपये चालू खर्चासाठीच काढावेत, तशी ही स्थिती आहे. वरचे आठ रुपये कर्जाने येतात, आणि रस्ते, धरणे, इमारती यांचा खर्च आणखी वेगळा.

याचा अर्थ ही मदत वाया जाते, असे मी म्हणत नाही. नवऱ्यापुढे हात न पसरता औषध आणणाऱ्या बाईला त्या दीड हजाराचे मोल विचारावे. माझा आग्रह एवढाच आहे की आकडा सांगणाऱ्याने पैशाची सोयही सांगावी. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालानंतर निवडणूक आयोगाने आदर्श आचारसंहितेत तशी तरतूदच केली आहे. जाहीरनाम्यातील आश्वासनांमागचा विचार आणि त्यांसाठी लागणारा पैसा कोठून येणार, हे ढोबळमानाने तरी पक्षांनी सांगावे, अशी ती अपेक्षा आहे.

असे करता येते, हे याच महाराष्ट्राने दाखवून दिलेले आहे. वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये तासगाव तालुक्यात जो प्रयोग केला, त्यातून रोजगार हमी योजना उभी राहिली आणि १९७२ च्या दुष्काळात तिने लाखो हातांना काम दिले. त्या योजनेसाठी पैसा हवा म्हणून १९७५ मध्ये व्यवसाय कर लावण्यात आला. नोकरदाराच्या पगारातून आजही कापला जाणारा, वर्षाला जास्तीत जास्त अडीच हजार रुपयांचा हा कर शहरातल्या पगारदाराने खेड्यातल्या मजुराला दिलेला हात होता. पुढे १९७७ मध्ये विधिमंडळाने कामाच्या हक्काचा कायदा मंजूर केला. आधी प्रयोग, मग पैशाची सोय आणि मग कायदा, हा तो क्रम. आजच्या कोणत्याही पक्षाचा उमेदवार वचन देताना ‘यासाठी मी अमुक कर लावीन’ किंवा ‘अमुक खर्च कमी करीन’ असे म्हणाला, तर मत कोणालाही द्या, पण त्याच्या प्रामाणिकपणाची नोंद अवश्य घ्या.

प्रश्न : माझी मुलगी तीन वर्षांपासून पोलीस भरतीची तयारी करते आहे. पोलीस दलात महिलांची मोठी भरती करू असे उमेदवार सांगतात. त्यावर किती विसंबावे? (जालना जिल्हा)

उत्तर : ताई, आपल्या मुलीसारख्या मुली मी पहाटे पाहतो. मैदान नाही म्हणून त्या गावाबाहेरच्या डांबरी रस्त्याच्या कडेने आठशे मीटर मोजून धावतात. पुढे धावणाऱ्या मुली आणि मागे मोटारसायकलचा दिवा लावून हळूहळू येणारा एकीचा भाऊ किंवा बाप. रस्त्यावर दिवे नाहीत, म्हणून ही सोबत. राज्याची सुरक्षा सांभाळण्याची नोकरी मिळवण्यासाठी निघालेल्या मुलीला त्या वाटेवरच सुरक्षित वाटत नाही, याचा मला फार त्रास होतो.

२०२४ च्या पोलीस भरतीत १७,४७१ पदे होती आणि अर्ज सतरा लाखांहून अधिक आले, म्हणजे एका पदामागे साधारण शंभर. हा आकडा पोलीस दलाच्या गरजेबद्दल जितके सांगतो, तितकेच रोजगाराच्या स्थितीबद्दलही सांगतो. त्याच वर्षीच्या निवडणुकीत महायुतीने पोलीस दलात २५,००० महिलांच्या भरतीचे वचन दिले होते. ते सत्तेत आले असल्याने त्याचा हिशेब मागण्याचा अधिकार आपल्याला आहे. उमेदवार सत्तारूढ पक्षाचा असो की विरोधी पक्षाचा, त्याने त्याबद्दल सभागृहात काय केले किंवा काय करणार, हे विचारावे.

भरतीच्या एकूण आकड्यापेक्षा वेळापत्रक अधिक महत्त्वाचे आहे. भरती तीन-तीन वर्षे लांबली की खुल्या प्रवर्गातील मुलीची अठ्ठावीस वर्षांची वयोमर्यादा हातून निसटते आणि शिकवणीचा, खानावळीचा, खोलीचा खर्च घराच्या डोक्यावर बसतो. दर वर्षी ठरलेल्या महिन्यात भरती, हे वचन ऐकायला साधे वाटले तरी मागण्यासारखे आहे. तालुक्याला एक सपाट मैदान आणि त्यावर दिवे एवढे काम तर आमदाराच्या स्थानिक विकास निधीतूनही होऊ शकते. २०२२ पासून हा निधी वर्षाला पाच कोटी रुपये आहे. मुलीने तयारी सोडू नये, परंतु एकाच भरतीवर सारे आयुष्य टांगू नये, इतके वडीलकीच्या नात्याने सांगतो.

प्रश्न : उमेदवारावर गुन्हे असतील तर त्याने कायदा-सुव्यवस्थेचे वचन द्यावे का? आणि ते गुन्हे आम्हाला कळणार कसे? (महाविद्यालयीन विद्यार्थी, नाशिक)

उत्तर : अर्जासोबतचे प्रतिज्ञापत्र, म्हणजे नमुना २६, निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर पाहता येते. त्यात प्रलंबित खटले, शिक्षा, मालमत्ता आणि कर्जे नमूद असतात. कलमे नीट वाचा. पाण्यासाठी रस्ता अडवला म्हणून दाखल झालेला गुन्हा आणि खंडणीचा किंवा महिलेवरील अत्याचाराचा गुन्हा यांना एका मापाने मोजू नका. दाखल गुन्हा, न्यायालयाने निश्चित केलेले आरोप आणि झालेली शिक्षा या तीन पायऱ्याही वेगळ्या आहेत. फेब्रुवारी २०२० च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने पक्षांना असा उमेदवार का निवडला याची कारणे प्रसिद्ध करण्यास सांगितले आहे आणि ‘निवडून येण्याची क्षमता’ हे एकमेव कारण पुरेसे नाही असेही बजावले आहे. पक्षाने दिलेले ते कारण शोधून वाचा. त्यावर वर्गात चर्चा केलीत तर फारच उत्तम.

प्रश्न : आमच्या उमेदवाराची घोषणा ‘एमआयडीसी आणणार’ अशी आहे. पूर्वीची औद्योगिक वसाहत निम्मी ओस पडली आहे. मग नवी कशाला? (लघुउद्योजक, मराठवाडा)

उत्तर : आपला प्रश्न बरोबर जागी बोट ठेवतो. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ पासून काम करत आहे, आणि भूखंडांवर फलक लागणे व कारखाना चालणे यांतील अंतर आपल्यासारख्यांना आमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. पाणी, वीज उपकेंद्र, आयटीआयमधून शिकून आलेली मुले आणि बँकेचे खेळते भांडवल यांखेरीज आणखी एक गोष्ट लागते, जी उद्योगाच्या धोरणपत्रांत सहसा नसते. कारखान्याच्या दारात येऊन माथाडीच्या, भंगाराच्या, पाण्याच्या टँकरच्या किंवा वाळूच्या ठेक्याच्या नावाखाली पैसे मागणाऱ्यांपासून संरक्षण.

डिसेंबर २०२४ मध्ये बीड जिल्ह्यातील मस्साजोगच्या सरपंचांची हत्या झाली. त्या प्रकरणाच्या आरोपपत्रात पवनऊर्जा कंपनीकडे मागितलेल्या खंडणीशी या हत्येचा संबंध जोडण्यात आला आहे. खटल्याचा निर्णय न्यायालय करील. परंतु गुंतवणूक आणि गुंडगिरी एकाच गावाच्या वेशीवर कशा भेटतात, हे त्या घटनेने साऱ्या राज्याला दाखवले. ज्या उमेदवाराच्या पत्रकात कायदा-सुव्यवस्था पहिल्या पानावर आणि उद्योग शेवटच्या पानावर आहे आणि दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही, त्याने हा विषय समजून घेतलेला नाही असे माझे मत आहे.

उमेदवार खंडणीविरुद्ध बोलत असेल, तर त्याला दोन गोष्टी विचारा. त्याच्या स्वतःच्या कार्यकर्त्यांकडे वसाहतीतील कोणती कंत्राटे आहेत, ही पहिली. दुसरी पोलीस अधिकाऱ्यांच्या बदल्यांची. ‘माझ्या एका फोनवर साहेब बदलतो’ असे अभिमानाने सांगणारे लोकप्रतिनिधी आपण सर्वांनी ऐकले आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये पोलीस सुधारणांविषयीच्या प्रकाश सिंह प्रकरणात दिलेल्या निर्देशांनंतर महाराष्ट्राने २०१४ मध्ये आपल्या पोलीस कायद्यात दुरुस्ती केली. तीनुसार बदल्यांसाठी आस्थापना मंडळे, म्हणजे वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या समित्या आहेत आणि ठाण्यातील निरीक्षकाचा सामान्य कार्यकाळ दोन वर्षांचा आहे. हा कार्यकाळ मी मोडू देणार नाही, असे वचन देणारा उमेदवार मला अजून भेटलेला नाही. भेटला तर त्याचे वचन लिहून घ्या.

प्रश्न : मी पहिल्यांदाच मतदान करणार आहे. उमेदवाराच्या सभेत एकच प्रश्न विचारण्याची संधी मिळाली तर कोणता विचारू? (सिंधुदुर्ग)

उत्तर : आपल्या ठाण्यात मंजूर पदे किती, भरलेली किती, आणि उरलेली भरण्यासाठी आपण येत्या अधिवेशनात कोणता तारांकित प्रश्न (ज्याला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात) किंवा लक्षवेधी सूचना मांडणार, असे विचारा. ठाण्यातील पदांचे आकडे आधी माहितीच्या अधिकारात मागवून जवळ ठेवा. अर्जाला दहा रुपये शुल्क लागते आणि सर्वसाधारणपणे तीस दिवसांत उत्तर मिळते. म्हणजे उमेदवाराने आकडा सांगितला तर तो बरोबर आहे की नाही, हे तुम्हाला जागीच कळेल. ‘माहिती घेऊन सांगतो’ असे म्हणाले तर तेही उत्तर चांगलेच आहे. फक्त कोणत्या तारखेला सांगणार, हे तेथेच सर्वांसमक्ष विचारून घ्या.